दूरची रेल्वेगाडी दिसत नाही? आधी तिची वाट पाहून ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोवतालच्या सपाटीपेक्षा साधारण ६० मीटर उंच टेकडीवर तुम्ही बसता. नकाशावर मोजलं तर रूळ तिथून १४ किलोमीटर लांब आहेत. गळ्यात १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर) दुर्बीण आहे. शेजारी बसलेला मित्र नुसत्या डोळ्यांनी ‘ती बघ, चालली’ म्हणतो आणि तुम्हाला धुरकट पट्ट्यापलीकडे काहीच दिसत नाही. आता डोळे तपासून घ्यावेत की मोठी दुर्बीण घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

डोळे तपासून बरीच वर्षं झाली असतील तर जरूर तपासा. पण माझा अंदाज असा की दोष डोळ्यांचा नाही आणि दुर्बिणीचाही नाही. तुमचा मित्र गाडी शोधतच नसावा. रूळ कुठून जातात, कुठे झाडीआड होतात, कुठे उघडे पडतात हे त्याला पाठ झालेलं असतं, आणि त्या उघड्या जागेत काही हललं की त्याला कळतं. तुम्ही मात्र अख्ख्या क्षितिजावर ‘गाडीसारखं काहीतरी’ शोधताय. आपण ‘वाट पाहणं’ म्हणतो ते थांबून राहण्याला. या छंदात ते शब्दशः घ्यायचं: गाडी येण्याआधी तिची वाट डोळ्यांनी पाहून ठेवायची. मला हे कळायला पहिली दोन-तीन वर्षं लागली, तोवर मीही दुर्बिणीच बदलत होते.

आधी एक शंका मिटवू. पृथ्वीच्या गोलाईआड तर गाडी जात नसेल? नाही. क्षितिजाचं अंतर काढायचा हिशोब सोपा आहे. डोळ्यांची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ३.८६ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. नुसत्या भूमितीने हा गुणक ३.५७ येतो, पण हवेतून येताना प्रकाश किंचित खाली वाकतो म्हणून थोडं पुढचंही दिसतं. ६० मीटर उंचीवरून क्षितिज जवळजवळ ३० किलोमीटरवर पडतं. गाडीची उंची ४ मीटर धरली तर तिच्या बाजूने आणखी साडेसात किलोमीटर मिळतात. म्हणजे जमीन सपाट आणि मोकळी असेल तर ३७ किलोमीटरवरच्या गाडीचा माथासुद्धा तत्त्वतः दिसायला हवा. तुमचे १४ किलोमीटर त्यापुढे काहीच नाहीत. हाच हिशोब सपाट जमिनीवर उभ्या माणसासाठी केला तर पावणेतेरा किलोमीटरच्या आत सगळं संपतं. टेकडी चढण्याचा पहिला फायदा हा.

मग गाडी फार लहान दिसते म्हणून चुकते का? हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. एका अंशाचे ६० भाग केले की एक कला होते. चांगल्या नजरेचा माणूस एका कलेइतक्या अंतरावरचे दोन ठिपके जेमतेम वेगळे ओळखतो. १४ किलोमीटरवर ४ मीटर उंचीची गाडी बरोबर एक कलेची दिसते. म्हणजे खिडक्या, दारं, डब्यांचा आकार यातलं काहीही नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. पण गाडी ठिपका नाही, रेघ आहे. ४०० मीटर लांबीची सवारी गाडी तिथे दीड अंशाहून थोडी जास्त लांब भरते, म्हणजे तीन पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढी. आणि रेघा पकडण्यात आपला डोळा विलक्षण तयार आहे. स्वच्छ आकाशावर ताणलेली तार तिची जाडी एका विकलेच्या, म्हणजे कलेच्या साठाव्या भागाच्या आसपास असली तरी जाणवते. तपशील दिसणं वेगळं आणि काहीतरी आहे हे कळणं वेगळं. लांबची गाडी ही कळण्याची गोष्ट आहे. डब्यांचं चित्र मनात ठेवून बसलात तर समोरून जाणारी बारीक करडी रेघ तुम्ही गाडी म्हणून धरणारच नाही.

वेगाचंही तसंच. ताशी ८० किलोमीटरने आडवी जाणारी गाडी १४ किलोमीटरवरून बघताना एक अंश सरकायला ११ सेकंद घेते. हात पूर्ण लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरली की तिची रुंदी साधारण एक अंश असते. म्हणजे करंगळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला ११ सेकंद. ही गती डोळ्याला कळते, पण मागे पक्की खूण असेल तरच. मोकळ्या धुरकट पट्ट्यावर नजर ठेवून बसलात तर रेघ चालल्यासारखी वाटणार नाही.

आता मुख्य अडचणीकडे येते. ती आहे झाडांची, आणि ती ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. तुमची नजर त्या रुळांपर्यंत फार तिरपी पोचते. ६० मीटर उंची आणि १४ किलोमीटर अंतर यात गोलाईचा हिशोब धरला तर नजरेची रेषा दर किलोमीटरला जेमतेम ३.३ मीटर खाली उतरते. समजा, रुळांच्या अलीकडे १० मीटर उंचीची झाडं आहेत. गाडी ४ मीटर उंच, म्हणजे झाडं तिच्यापेक्षा ६ मीटर वर. तेव्हा ती रांग रुळांपासून पावणेदोन किलोमीटर अलीकडे असली तरी गाडी पूर्ण झाकली जाते! नकाशावर रुळांशेजारी झाडाचं पान नाही, पण दीड किलोमीटर अलीकडच्या ओढ्याकाठची झाडी सगळं गिळून बसते. तुम्ही १८० मीटर उंचीवर गेलात तर हीच झाडी रुळांपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असेल तरच आड येईल. अंतर तेच, डोळे तेच, पण दिसणाऱ्या रुळांची लांबी कितीतरी वाढते. म्हणून कोणी दुर्बिणीवर खर्च करू का विचारलं की मी आधी विचारते, आणखी शंभर मीटर वर जाता येईल का?

त्या उंचीवरून दिसणाऱ्या जमिनीचा आणखी एक गुण लक्षात ठेवा. १४ किलोमीटरवर एक किलोमीटर खोलीचा अख्खा पट्टा दाबला जाऊन एका कलेहून कमी जाडीचा होतो. रस्ता, कालवा, रूळ, विजेची लाइन हे सगळं एकाच रेघेत बसल्यासारखं दिसतं. तुम्ही रुळांकडे बघताय असं वाटतं तेव्हा नजर दोन किलोमीटर पुढे किंवा मागे असू शकते.

म्हणून रिकामी वाट आधी शोधायची. घरी बसून नकाशावर तुमच्या जागेपासून रुळांवरच्या ठळक खुणांपर्यंत रेषा ओढा: पूल, बोगद्याचं तोंड, स्टेशन, उंच भराव, रस्त्यावरचा उड्डाणपूल. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर हे सगळं बहुतेक वेळा मिळतं. उंचीसाठी समोच्च रेषांचा नकाशा बघा किंवा २००० साली अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीची खुली माहिती वापरून दोन बिंदूंमधला उभा छेद, म्हणजे जमिनीच्या चढउताराची रेघ, काढा. फक्त एक ध्यानात ठेवा, त्या रडारच्या आकड्यांत दाट झाडीचा माथा बऱ्याचदा जमीन म्हणून मोजला गेलाय. गोलाईचा हिशोब हाताने करायचा असेल तर अंतराच्या किलोमीटरचा वर्ग करून ८ सेंटिमीटरने गुणा, आणि वक्रीभवनापोटी, म्हणजे प्रकाशाच्या त्या वाकण्यापोटी, उत्तरातून साधारण सातवा हिस्सा कमी करा. १४ किलोमीटरला साडेतेरा मीटरच्या आसपास येतात. छेदात गाडीच्या माथ्यापर्यंतची रेषा मोकळी निघाली तर ती जागा तुमची. मी अशा जागांना फटी म्हणते. तुमच्या टेकडीवरून कदाचित तीनच फटी असतील आणि तिन्ही मिळून दीड-दोन किलोमीटर रूळ. गाडी एकेका फटीत अर्धा मिनिट दिसेल आणि नाहीशी होईल. मित्राचं ‘ती बघ’ ऐकून तुम्ही मान वळवेपर्यंत फट संपलेली असते.

जागेवर गेल्यावर रूळ ओळखायची मोठी खूण म्हणजे त्यांचा सपाटपणा. रेल्वेला चढ सोसत नाही. कॅलिफोर्नियातला तेहाचापीचा वळसा घ्या: चढ साधारण २ टक्क्यांच्या वर जाऊ नये म्हणून १८७६ मध्ये तिथे मार्गाला स्वतःवरूनच गोल फिरवून नेलं, आणि आजही तिथली पुरेशी लांब मालगाडी स्वतःच्याच शेपटीवरून जाते. त्यामुळे डोंगराच्या उतारावर रस्ते वर-खाली होत असतील आणि त्यांत एकच रेघ पट्टीने ओढल्यासारखी जात असेल तर ती बहुधा रेल्वे किंवा कालवा. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर खांबांची रांग सारख्या अंतराने उभी असते. दुर्बिणीतून ती दातेरी कडेसारखी दिसते आणि नंतर फार कामाला येते, कारण तीच गाडीच्या हालचालीमागची पक्की खूण होते.

यापुढचं बरंचसं हवेवर अवलंबून आहे, आणि इथे मी तुम्हाला खात्रीचं काही सांगू शकत नाही. दृश्यमानता म्हणजे काळ्या वस्तूचा मागच्या आकाशाशी असलेला उठाव, म्हणजे उजेडातला फरक, २ टक्क्यांवर येतो ते अंतर. हा उठाव सरळ रेषेत कमी होत नाही, सुरुवातीला भराभर पडतो. दृश्यमानता ४० किलोमीटर असेल तर १४ किलोमीटरवर पाव उठाव शिल्लक राहतो. २० किलोमीटर असेल तर ६ टक्के. १० असेल तर गाडी विसरा. आता गंमत अशी की विमानतळाच्या हवामान नोंदीत दृश्यमानता ‘१० किलोमीटर किंवा जास्त’ एवढ्यावरच थांबते. त्यांना पुढचं लागत नाही, पण आपलं सगळं पुढेच सुरू होतं. म्हणून आपला मापदंड आपणच ठरवायचा. ज्यांचं अंतर माहीत आहे असे २०, ३० आणि ४० किलोमीटरवरचे तीन डोंगर निवडा. तिसरा दिसत नसेल त्या दिवशी मी गाडीची फार आशा धरत नाही, पुस्तक घेऊन बसते.

पाऊस पडून गेल्यावर वारा सुटला की हवा धुऊन निघते, ते दिवस चुकवू नका. हवेत दमटपणा वाढला, विशेषतः ८० टक्क्यांच्या पुढे, की धुळीचे आणि धुराचे कण पाणी धरून फुगतात आणि सगळं दुधाळ होतं. उंच प्रदेशात मात्र हवाच विरळ. तिबेटच्या रेल्वेवर तांगगुला खिंडीजवळ रूळ ५,०७२ मीटरपर्यंत चढतात. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे लांबचं कोरीव दिसतं. आपल्या टेकडीवर ती चैन नाही.

हवा स्वच्छ असूनही दुपारी काही दिसत नाही, त्याचं कारण झळा. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे बुडबुडे वर येतात आणि बारीक रेघ थरथरत विरघळते. सूर्योदयानंतर साधारण तासाभराने आणि सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी जमीन आणि हवा यांचं तापमान जवळजवळ सारखं होतं, तेव्हा चित्र सर्वांत स्थिर असतं. ढगाळ दिवस यासाठी उत्तम. सकाळी धुकं आणि संध्याकाळी दिवसभराची धूळ, हा सौदा करावाच लागतो. कोणती वेळ बरी हे तुमच्या भागातल्या हवेवर ठरेल. मी दोन्ही वेळा करून बघितल्या आणि संध्याकाळ धरली. सकाळी मला उठवत नाही हेही त्यामागे आहेच.

संध्याकाळचा दुसरा फायदा उजेडाचा. ऊन पाठीशी असेल तर समोरचा धुरकटपणा कमी उजळतो आणि गाडीचा अंगचा रंग थोडा तरी टिकतो. पांढरी, चंदेरी, पिवळी गाडी लांबून उठून दिसते. लाल आणि निळी काळपट होऊन जमिनीत मिसळते. सूर्य समोर असेल तर हवेचा पडदा पांढरा पडतो, पण सूर्य खाली उतरला की एक बोनसही मिळू शकतो. डब्यांच्या बाजू उभ्या आणि गुळगुळीत असतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्यांच्यावरून परतलेला उजेडही आडवाच येतो, म्हणजे नेमका तुमच्या डोळ्यांत. कोन जुळला तर काचा आरशासारख्या चमकतात, आणि गाडी वळणावर असेल तर ती चमक एका डब्यावरून दुसऱ्यावर धावत जाते. मी पाहिलेली सगळ्यांत लांबची गाडी अशीच दिसली. गाडी दिसलीच नाही खरं तर, नुसती तिची चमक दिसली, आणि नंतर वेळापत्रक बघून खात्री केली. एकच ताकीद: दुर्बीण सूर्याच्या जवळपासही नेऊ नका. क्षणभरात डोळा कायमचा जाऊ शकतो.

गाडीपेक्षा तिच्या आजूबाजूच्या गोष्टी आधी दिसतात, त्या ओळखायला शिका. वाफेच्या इंजिनाची वाफ थंड, दमट हवेत बराच वेळ रेंगाळते आणि तिची पांढरी शेपूट मैलोगणती ओळखू येते. डिझेल इंजिनाला चढावर जोर लावला की काळा भपकारा सुटतो. विजेच्या इंजिनाच्या पँटोग्राफपाशी, म्हणजे छतावरून वरच्या तारेला टेकणाऱ्या सांगाड्यापाशी, विशेषतः तारेवर दंव किंवा बर्फ साचलेलं असताना, निळसर-हिरवट ठिणगी उडते. पहाटेच्या अंधारात ती लखकन डोळ्यांत भरते. वाळवंटात धूळ चुगली करते. मॉरिटानियातली लोहखनिजाची गाडी अडीच किलोमीटरपर्यंत लांब असते. तुमच्या १४ किलोमीटरवर ती उभी केली तर लांब केलेल्या हाताच्या मुठीएवढी, म्हणजे १० अंश भरेल. अशी गाडी चुकवणं कठीण.

बघायची पद्धतही बदला. नजर झाडूसारखी फिरवू नका, फिरत्या नजरेला बारीक काही दिसत नाही. आकाशात दुसरी विमानं शोधताना वैमानिकांना शिकवतात तसं करा: साधारण १० अंशांचा एक तुकडा, त्यावर किमान एक सेकंद नजर स्थिर, मग पुढचा तुकडा. तुमच्याकडे फटी ठरलेल्या असल्या की तुकडेही तेवढेच. उलट एकाच जागी टक लावूनही बसू नका. ट्रॉक्सलर नावाच्या स्विस वैद्याने १८०४ मध्येच नोंदवलंय की नजर एका बिंदूवर खिळवली की कडेच्या अंधूक गोष्टी हळूहळू पुसल्या जातात. आणि समोर नुसता धूसर पट्टा असेल तर डोळा नकळत जवळचा फोकस धरून बसतो. अधूनमधून एखाद्या लांबच्या ठसठशीत डोंगराच्या कडेवर नजर टेकवा, मग फटीकडे या.

रेघ सापडली असं वाटलं तर लगेच ओरडू नका. मी कालव्याच्या पाण्याला, शेतावरच्या प्लास्टिकच्या छपरांना आणि एकदा तर लांबलचक कुंपणाच्या भिंतीला गाडी म्हणून बसले आहे. डोकं कशाला तरी टेकवून स्थिर करा, रेघेचं पुढचं टोक एखाद्या झाडाशी किंवा खांबाशी जुळवा, दहा सेकंद दुसरीकडे बघा आणि परत या. टोक सरकलं असेल तर हालचाल खरी. मग मागचं टोक बघा. गाडीची दोन्ही टोकं सारखीच सरकतात, लांबी तीच राहते. ट्रकांच्या रांगेत मधली अंतरं कमी-जास्त होतात आणि चढ आला की रांग दाटते. ढगाची सावली असेल तर ती रुळांची पर्वा न करता शेतांवरून तिरकी जाईल.

इथवरचं एका दमात: उंची वाढवा, नकाशावरून फटी काढा, स्वच्छ आणि निवलेली हवा निवडा, ऊन शक्यतो पाठीशी ठेवा, आणि रेघ शोधा, डबे नव्हे.

फट आणि खुणा पक्क्या झाल्या की गाडी मोजताही येते, आणि मला तरी खरी मजा त्यात वाटते. दोन पूल नकाशावर ३ किलोमीटर अंतरावर आहेत आणि गाडीच्या तोंडाला ते पार करायला २ मिनिटं लागली, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, अर्थात सेकंदाला २५ मीटर. तीच गाडी एका खांबापुढून जायला २० सेकंद घेते, म्हणजे लांबी ५०० मीटर. माथ्याची रेघ सलग असेल तर बहुधा सवारी गाडी, मध्येच तुटत असेल तर कंटेनर वाहणारी मालगाडी, जिच्या काही वाघिणी (मालाचे डबे) रिकाम्या आहेत. खिडकी न बघताही एवढं सांगता येतं.

रात्रीचं गणित अगदी वेगळं आहे, कारण तिथे आकार नाही, उजेड मोजायचा. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे मुख्य मार्गावरच्या पुढच्या इंजिनाच्या हेडलाइटची तीव्रता किमान २,००,००० कँडेला (उजेडाच्या तीव्रतेचं एकक) लागते. दृश्यमानता ४० किलोमीटर असलेल्या रात्री असा झोत १४ किलोमीटरवरून थेट तुमच्याकडे रोखलेला असेल तर तो शुक्राच्या तोडीस तोड दिसेल. दृश्यमानता २० असली तरी गुरूपेक्षा उजळ. पण झोत अरुंद असतो. आडव्या जाणाऱ्या गाडीचा दिवा तुमच्याकडे बघतच नाही. वळणावर ती तुमच्याकडे तोंड करते तेव्हा अंधारात एकदम तारा पेटतो आणि काही सेकंदांत विझतो. अशी वळणं दिवसा नकाशावर हेरून ठेवा. ज्या इंजिनांना वर एक आणि खाली दोन दिवे असतात त्यांचा तारा जवळ आल्यावर फुटून वेगळे दिवे दिसतात. दिव्यांत २ मीटर अंतर असेल तर नजरेच्या हिशोबाने हे ७ किलोमीटरच्या आत घडायला हवं, पण झगझगाटामुळे प्रत्यक्षात बरंच उशिरा घडतं. सवारी गाडीच्या खिडक्यांची माळ लांबून एकच पिवळसर रेघ होते. मालगाडीला तेवढंही नाही.

ऑस्ट्रेलियात नलारबोरच्या सपाटीवर १९१७ मध्ये पूर्ण झालेल्या मार्गाचा ४७८ किलोमीटरचा तुकडा दोरीसारखा सरळ आहे. अशा जागी रुळांच्या रेषेतूनच बघताना गाडीची लांबी उपयोगाची नाही, दिसतं ते फक्त ३ मीटर रुंदीचं तोंड. दिवसा आडवी जाणारी गाडी बघायची आणि रात्री समोरून येणारी, हा माझा नियम इथून निघालाय. अशा सपाटीवर उभ्या माणसाला ४ मीटर उंचीवरचा दिवा पावणेतेरा किलोमीटरवरून दिसू लागेल, आणि ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी त्यानंतर साडेसात मिनिटांनी पोचेल. रात्री जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा थंड झाली की प्रकाश आणखी वाकतो आणि दिवा क्षितिजापलीकडूनही तरंगताना दिसू शकतो. फक्त हे बघायला रुळांत उभं राहायचं नाही, फाटकाबाहेर किंवा पुलावरून बघा.

आवाजावर फार विसंबू नका. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १४ किलोमीटरला ४१ सेकंद लागतात. शांत रात्री एवढ्या लांबून भोंगा ऐकू आलाच तर ताशी ८० ची गाडी तोवर ९०० मीटर पुढे निघून गेलेली असेल. आवाजाच्या दिशेने बघाल तर फट रिकामी. थोडं पुढे बघा.

आता दुर्बीण. तुमची १०×५० पुरेशी आहे. तिच्यातून १४ किलोमीटरवरची गाडी १.४ किलोमीटरवर असल्यासारखी दिसायला हवी. तशी दिसत नसेल तर कारण हवा किंवा तुमचे हात. दहापट मोठं करताना हाताचा कंपही दहापट होतो. दुर्बीण तिपाईवर बसवायचा जोड घ्या, नाहीतर निदान कोपरं गुडघ्यांवर टेकवा. तिपाईवरची २० ते ६० पटीची दुर्बीण घ्यायचा मोह होईल, पण झळा सुटल्या की तिच्यात थरथरच मोठी होते. माझी बहुतेक वेळ २० वरच असते. कॅमेरा असेल तर ध्रुवक (पोलरायझिंग) फिल्टर सूर्यापासून ९० अंशांवर बघताना धूसरपणा थोडा कापतो. लाल फिल्टर आणि अवरक्त (इन्फ्रारेड) फोटो कोरड्या, निळसर धूसरपणात चांगलं काम करतात, पण धुक्यापुढे कुणाचंच चालत नाही, कारण धुक्याचे थेंब सगळ्या रंगांना सारखेच अडवतात.

पुढच्या खेपेला पहिला तासभर दुर्बीण पिशवीतच राहू द्या आणि कागदावर क्षितिजाची रेघ काढून त्यावर पूल, भराव, झाडी आणि फटी मांडा. मित्र पुन्हा ‘ती बघ’ म्हणाला तर ‘कुठे?’ असं विचारू नका, ‘कोणत्या फटीत?’ असं विचारा. तो बहुधा गोंधळेल, कारण त्याने त्या जागांना कधी नाव दिलेलं नसेल. मग दोघं मिळून तो कागद पूर्ण करा.